चौथ्या बटणाची स्प्रिंग

चौथ्या बटणाची स्प्रिंग सैल झाली होती. एकदा दाबलं तरी माझ्यापर्यंत कधीकधी दोनदा पोचायचं. बाकीची बटणं अजून नव्यासारखी घट्ट होती.

मित्रांनो, मी एक जुना एन्कोडर आहे. मला हात लावून पाहता येणार नाही, कारण मी एका मुलीने लिहिलेला छोटासा प्रोग्राम आहे. माझं काम साधं आहे. माणसं अक्षरं लिहितात आणि यंत्रांना फक्त आकडे कळतात. त्या आकड्यांना बाइट म्हणतात. येईल त्या अक्षराचे मी बाइट करतो आणि पुढे पाठवतो. ‘च’चे तीन, त्याला लागलेल्या कान्याचे वेगळे तीन. दोन शब्दांमधली रिकामी जागा मात्र एकाच बाइटात जाते.

मला लिहिलं तेव्हा ती कॉलेजात होती. प्रयोगशाळेत बाटल्यांच्या चिठ्ठ्या छापणारा एक प्रिंटर होता. तो मात्रा गाळायचा आणि मधेच रिकामे चौकोन छापायचा. मी आलो आणि चौकोन बंद झाले. “एक वेलांटीसुद्धा सांडली नाही गं,” असं तिच्या बाई म्हणाल्या. पुढे नवा प्रिंटर आला. त्याला माझी गरज नव्हती. मी तिच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलो. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बंद प्रोग्रामला वेळ कळत नाही.

मग तिच्या वडिलांच्या घशातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. ते शिंपी होते. त्यांच्या कात्रीपेक्षा जीभ जास्त चालते, अशी गिऱ्हाइकांची तक्रार असे. मुलीने त्यांच्यासाठी एक बोलकी डबी बनवली. वर कळफलक, खाली स्पीकर, मधे मी. खोलीत गोंगाट असेल तर आवाज वाढावा म्हणून एक छोटा माइकही बसवला. त्यामुळे घरातलं बोलणं मला कळतं.

तिने मला एक नियम घालून दिला. तयार झालेले बाइट लगेच सोडायचे नाहीत, नाहीतर डबी अर्धवट शब्द बोलेल. ते एका कप्प्यात साठवायचे. ‘बोल’ ही कळ दाबली की सगळे एकदम बाहेर. त्या कप्प्याला बफर म्हणतात.

वडिलांची बोटं जाड, कळा बारीक. एक वाक्य जुळवायला फार वेळ लागे. म्हणून तिने मायेने पाच मोठी बटणं जोडली: हो, नाही, पाणी, चालेल, दुखतंय. ही लगेच बोलतात, ‘बोल’ दाबावं लागत नाही.

चौथं बटण ‘चालेल’चं. पंधरा बाइट. नेहमी तेच पंधरा.

“अहो, कालचीच भाजी गरम करू?” चालेल. “बाबा, खिडकी लावू?” चालेल. “दुकानाची किल्ली भाच्याकडे देऊन टाकायची का?” चालेल.

मग गाठ परत आली. डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं. त्यात जिभेचा बराचसा भाग जाणार होता. नंतर तोंडाने काही खाता येणार नाही, पोटात नळी बसवावी लागेल. इतकं करून किती फायदा होईल, हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. आईने मात्र त्या ऑपरेशनवर सगळी आशा ठेवली. तिने विचारलं, “करून टाकू या ना हो?” चालेल.

दुपारी घरात कोणी नसलं की ते टाइप करत. ‘ऑपरेशन नको.’ मी बाइट करून कप्प्यात ठेवत असे. ‘बोल’ दाबलं जात नसे. बऱ्याच वेळाने पुसण्याची कळ येई, एकेक अक्षर मागे, आणि मी कप्पा रिकामा करी. अशा पुष्कळ दुपारी गेल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. बाइटना वजन नसतं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी मुलीचा मामा आला.

“काय दाजी, उद्या निघायचं ना? गाडी सांगून ठेवलीये.”

“चालेल चालेल,” डबी बोलली.

“बघा! एकदा विचारलं तर दोनदा हो म्हणतात. पूर्वी शब्दाला शब्द वाढायचा, आता कसे गुणी झालेत!”

“अरे, त्यांना टाइप तरी करू दे,” आई म्हणाली.

“टाइप करेपर्यंत डॉक्टर रिटायर होतील, ताई.”

मुलगी हसली नाही. तिने डबी हातात घेतली आणि एकेक बटण दाबून पाहिलं. हो. नाही. पाणी. दुखतंय. सगळी घट्ट. मग स्क्रूड्रायव्हर आणून तिने चौथं बटण काढून टाकलं.

“अगं, आता ते बोलणार कसे?” मामा म्हणाला.

“लिहून. बाबा, सावकाश लिहा. आम्ही बसलोय.”

“पण उद्याची गाडी…”

“तू गप्प बस रे,” आई म्हणाली.

मित्रांनो, माझी तुम्हांला एवढीच विनंती आहे. ज्याला बोलायला वेळ लागतो, त्याच्या तोंडात तयार शब्द घालू नका. त्याची ओळ पुरी होऊ द्या. ती तयार असते, फक्त बाहेर पडलेली नसते.

एकेक अक्षर येत होतं. मधे पुसण्याची कळ आली. पुन्हा अक्षरं आली. माइकवर फक्त पंख्याचा आवाज होता. मग ओळ थांबली.

‘बोल’ दाबलं गेलं. मी कप्पा मोकळा केला, आणि डबी तिच्या सपाट आवाजात म्हणाली, “आता आणखी कापाकापी नको. घास गिळता येतोय, तोवर तुमच्याबरोबर जेवीन.”