वरच्या मैदानाचा तंबू

मी एक जुना तंबू आहे, दोन माणसांपुरता. रंग एके काळी हिरवा होता. आता कुठला म्हणावा, हे माझं मलाच सांगता येत नाही. परळच्या एका चाळीत, गुणाजींच्या माळ्यावर मी पडून असतो. मित्रांनो, माझं ऐकणारं इथं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

गुणाजी आणि त्यांच्या पत्नी सुभद्राबाई मला दादरच्या दुकानातून घेऊन आले, तेव्हा अख्खी चाळ हसली होती. "खोलीत जागा पुरत नाही, म्हणून आता तंबूत राहणार काय रे?" असं शेजारच्या रमाकांतांनी विचारलं होतं. पण दर दोन वर्षांनी ही जोडी मला घेऊन हिमालयातल्या एका राष्ट्रीय उद्यानात जायची. तिथं खालच्या मैदानात तंबूंची नुसती दाटी. सुभद्राबाई म्हणायच्या, "गर्दी काय, चाळीत बारा महिने आहेच. आपण वर जाऊ." मग दीड तास चढून आम्ही वरच्या मैदानात पोचायचो. तिथं देवदाराची झाडं, एक ओढा आणि आम्ही तिघं. दोघं फार बोलतही नसत. माझं जे काही कौतुक झालं, ते तिथंच.

सुभद्राबाई गेल्या. त्यानंतर दोन वर्षं मला कुणी खाली काढलं नाही. मग एका मे महिन्यात रमाकांतांनी नातवंडांसाठी मला मागून नेलं आणि गच्चीवर उभारलं. आमच्याकडे वस्तू एकाची असली तरी वापर सगळ्यांचा असतो. दुसऱ्या दिवशी मी परत आलो, पण मला उभं धरणाऱ्या काठ्या रमाकांतांकडेच राहिल्या. काठ्यांच्या आतला इलॅस्टिकचा दोरा सैल झाला होता, तो रमाकांतांनी आपणहून बदलून घेतला आणि चार दिवसांनी काठ्या वेगळ्या पिशवीतून आणून दिल्या. गुणाजी दाढी करत होते. साबण लागलेल्या तोंडानं "हं" म्हणत त्यांनी ती पिशवी माळ्यावर ट्रंकेमागं सारली आणि साफ विसरले. मी बघत होतो.

ऑक्टोबरात गुणाजी एकटेच निघाले. निघताना माझी पिशवी उघडूनही बघितली नाही. चाळीतल्या माणसाला ती सवयच नसते. काही कमी पडलं तर शेजारचं दार आहेच. वरच्या मैदानात त्यांनी मला पसरलं, खुंट्या ठोकल्या आणि काठ्या शोधू लागले. पिशवी उलटी केली. मग सवयीनं हाक मारली, "रमाकांत, अरे जरा..." आणि थांबले. आजूबाजूला एकही तंबू नव्हता. त्यांनी मला दोरीनं झाडांना बांधून पाहिलं, मी नुसता लोंबत राहिलो. ढग खाली आले. गुणाजी मला अंगाभोवती गुंडाळून ओढ्याकाठी बसले.

"दोन दिवस राहीन म्हणालो होतो गं," ते म्हणाले. कुणाला, ते मला समजलं. अंधार पडायच्या आत आम्ही खाली उतरलो. मला फार लाज वाटली.

घरी येताच गॅलरीत, सगळ्यांसमोर, त्यांनी रमाकांतांना धरलं. "माझ्या काठ्या हरवल्यास आणि तोंडातून ब्र काढला नाहीस!"

"अरे, तुझ्या हातात दिल्या मी. आठव जरा."

"खोटं बोलू नको. सुभद्रा गेल्यावर पहिल्यांदा गेलो होतो तिथं!"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. काठ्या माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठं आहे?

गेल्या महिन्यात ट्रंक ओढताना गुणाजींच्या हाताला ती पिशवी लागली. शिडीवरच त्यांनी ती उघडून बघितली. मग काठ्या घेऊन शेजारी गेले. मला माळ्यावरून सगळं ऐकू आलं.

"रमाकांत, चुकलं माझं. तू दिल्या होत्यास."

"दीड वर्ष झालं, गुणाजी. नातीच्या बारशाला सगळी चाळ आली, तू नाही आलास."

आणि दार लावल्याचा आवाज आला. आमच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही.

मित्रांनो, तंबू वाळवून ठेवा, निघताना पिशवी उघडून बघा. आणि काही हरवलं असं वाटलं, तर आधी आपला माळा नीट शोधा. माणसाला बोलायचं ते नंतर बोला. माझ्या काठ्या आता माझ्या पिशवीत आहेत. माझ्यात काहीच कमी नाही. पण गुणाजींनी वरच्या मैदानाचं पुन्हा नाव काढलेलं नाही.