रिकाम्या कांदाचाळीतला ठोका

माझ्या उजव्या स्पीकरच्या जाळीत कांद्याची एक साल अडकली आहे. नखाएवढी, तांबूस. ड्रमचा ठोका जोरात पडला तर ती थरथरते. हळू पडला तर स्थिर राहते.

मी एक जुना, दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, रावजींनी मला नाशिकहून देवळ्याच्या मळ्यात आणले ते भजने ऐकायला. मुलांनी मात्र मला कांदाचाळीत नेले. कांदा साठवायची ही लांब शेड: खाली सिमेंट, वर पत्रा, बाजूंना लाकडी पट्ट्या. तिथे त्यांच्या मुलाचा, महेशचा ‘कातळ’ हा रॉक बँड वाजवत असे आणि ड्रमवर असे त्याची धाकटी बहीण भाग्यश्री. १९९७च्या जानेवारीत त्यांचा पहिला अल्बम मीच टेप केला.

पुढे भाग्यश्री स्वतः गाणी लिहू लागली. महेश म्हणाला, “गाणी माझी. तू ठोके दे.” तिने ‘ठिणगी’ हा वेगळा बँड काढला आणि १९९९च्या मे महिन्यात, त्याच चाळीत, त्यांचाही पहिला अल्बम टेप झाला.

मग माझ्या डाव्या कप्प्यात ‘कातळ’ आणि उजव्यात ‘ठिणगी’ अशी तुलना सुरू झाली. कातळची गाणी धावत येत, गिटार सगळ्यांच्या पुढे. ठिणगीची गाणी दमाने उलगडत; त्यांतला शब्द न् शब्द कळे. पण कातळचा ड्रम घुमायचा आणि ठिणगीचा मऊ पडायचा.

“माझ्याकडं होती तेव्हा लय भारी वाजवायची,” महेश हसायचा. “आता काय गोधडीवर वाजवती का गं?”

चाळ एक, बँड दोन, भांडण रोजचे. एकाच बँडला चाळ मिळणार होती आणि ठिणगीला दुसरी जागाच नव्हती. चाळ गेली की बँड संपला. निर्णय रावजींचा. ते म्हणत, “कांदा निघू द्या, मग सांगतो.” कांदा निघाला की म्हणत, “भाव कळू द्या.”

भाग्यश्री नाशिकला भौतिकशास्त्र शिकत होती. हिवाळ्यात घरी आली तेव्हा ती चाळीत बसून दोन्ही कॅसेटी पुन्हा पुन्हा ऐकत राहिली.

“हात तेच, काड्या त्याच, ड्रम तोच,” ती पुटपुटली. “मग बदललं काय?”

तिने मान वर केली. चाळ रिकामी होती. कातळ टेप झाला त्या जानेवारीतही रिकामीच होती. ठिणगीच्या मे महिन्यात मात्र, मधली बोळ सोडली तर, ती कांद्याने गच्च भरलेली होती.

तिने माझे रेकॉर्डचे बटण दाबले आणि ठिणगीच्या एका गाण्याचा नुसता ड्रम वाजवला. मग मला घराच्या ओट्यावर आणून महेशला आणि रावजींना बोलावले. टेप सुरू होताच ती साल अशी थरथरली, की आता सुटतेच असे मला वाटले.

“दादा, हा ड्रम कुणाचा?”

“हे काय विचारणं झालं? आपल्या कातळचा.”

“ठिणगीचा. आज सकाळचा. रिकाम्या चाळीतला. मे महिन्यात माझा आवाज कांद्यानं खाल्ला होता.”

महेश माझ्याजवळ सरकला. मग त्यानेच टेप मागे फिरवून पुन्हा लावली.

मित्रांनो, माझी धूळ जरूर पुसा, मला ओलाव्यापासून जपा. पण माझ्यावर दोन अल्बम तोलायचे असतील, तर टेप करताना भोवती काय भरलेले होते, तेही विचारत जा.

रावजींनी चहाची बशी खाली ठेवली.

“आजपासून रिकामी चाळ भागीची,” ते म्हणाले. “आणि महेश, तुलाबी देतो की. कांदा भरल्यावर.”