वाणाचं खोकं

नवरे बायकोपासून काय काय लपवतात ते मी ऐकून आहे. कोणी बाटली लपवतो, कोणी दुसरं घर. आमच्या ह्यांनी मीठ लपवलं.

मीठ, साबणाच्या वड्या, गूळ, तुरीची डाळ आणि रॉकेलचे डबे. आणि कुठे, तर मी ज्या दिवाणावर निजते त्याच्या पोटात. वर कुलूप, किल्ली जानव्याला. ज्या बाईने जन्मभर संसार केला तिच्या पाठीखाली रॉकेल भरायचं आणि तिलाच सांगायचं नाही, याला काय म्हणायचं? मला वासावरून कळलं. मी मराठी चौथीपर्यंत शिकले, पण नाक काही चौथीत सोडून आले नव्हते.

ह्यांचं नाव मुरलीधर. रेल्वेच्या हिशेबखात्यातून रिटायर झाले आणि फंडाच्या पैशात गाझियाबादच्या नव्या सेक्टरात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. बिल्डिंग इतकी नवी की जिन्याला कठडाच नव्हता. कंत्राटदार दर सोमवारी "बस, अगले हफ्ते, माताजी" म्हणायचा. आम्ही भिंतीला हात लावून चढायचो.

नोकरी संपली आणि पेपर सुरू झाला. आदल्या उन्हाळ्यात सरकारने सोनं परदेशी गहाण टाकलं, तेव्हापासून ह्यांचं डोकंच फिरलं.

"ऐकलंस का? देशाचं सोनं विमानात घालून गहाण टाकलं!"

"मग? तुम्ही माझ्या पाटल्या सायकलवर घालून गहाण टाकल्या होत्या. बुडालो का?"

"तुला नाही कळायचं. आता सगळं बाजारावर सोडणार. रुपया म्हणजे नुसता कागद. एक दिवस सकाळी उठशील तर दुकानं बंद, वीज बंद, गाड्या बंद."

"अच्छा. आणि मग आपण काय, मीठ खाऊन जगायचं?"

त्यावर दार लावून, आवाज खाली आणून म्हणाले, "हळू बोल. कोणाला कळता कामा नये. अशा वेळी मागायला पहिला शेजारीच येतो."

खरं सांगते, साठवण करायला माझी ना नव्हती. उलट अंगात उत्साहच आला. आणीबाणीची तयारी म्हणजे बायकांचा प्रांत. भरल्या घरात झोप चांगली लागते. त्यातून सुहासिनी, माझी सून, दिवस भरत आलेली. मुलगा, विश्वास, कंपनीच्या नव्या कारखान्यासाठी बडोद्याला. महिनाअखेरीस येणार होता. घरात पोर येणार तर दोन वस्तू जास्त हव्यातच. माझा राग होता तो कुलपाचा. माझ्या घरात माझ्यावर कुलूप!

संक्रांत आली. दिल्लीकडे आल्यापासून माझं हळदीकुंकू कधी चुकलेलं नाही. पंजाबी, बंगाली, मद्रासी, सगळ्या येतात. तळमजल्यावरची समता येते. ती नागपूरची, सरकारी हापिसात मोठ्या हुद्द्यावर. पहिल्याच वर्षी दारात उभी राहून म्हणाली होती, "काकू, आमच्यात कुंकू लावत नाहीत, पण तिळगूळ दोन खाईन." मला असली सरळ बाई आवडते. मी चार दिले.

वाण आणायचं काम दरवर्षी माझं. सदर बाजारात जाऊन मी घासाघीस करते तेव्हा दुकानदार पाणी मागतो. पण सुहासिनीला एकटी टाकून कशी जाऊ? म्हणून ह्यांना पाठवलं. सांगितलं, चहाच्या गाळण्या आणा, स्टीलच्या. हे संध्याकाळी हमालाच्या डोक्यावर भलंमोठं खोकं घेऊन आले. वर खडूने 'वाण' लिहिलेलं. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे, राहू दे. त्या दिवशीच उघड." मला वाटलं, वा! उतारवयात बाजार करायला शिकले.

शुक्रवारी बायका जमल्या. उखाणे झाले, मल्होत्रीणबाईंनी पंजाबीत उखाणा घेतला आणि स्वतःच इतक्या हसल्या की बांगडी फुटली. मी खोकं उघडलं. वर गाळण्या. त्याखाली मेणबत्त्यांचे पुडे. त्याखाली काड्यापेट्या, मेणकागदात गुंडाळलेल्या. बुडापर्यंत तेच.

वाणात मेणबत्ती? मग म्हटलं, का नाही? या सेक्टरात दिवसाआड लाइट जाते. दिवा देणं तर शुभच. मनात म्हटलं, बघा, ह्यांनाही सुचतं कधी कधी. एकेकीला गाळणी, मेणबत्त्यांचा पुडा आणि काड्यापेटी. अशी दिलदार वाटली मी! बायका खूश. "माताजी, ऐसा वाण तो किसी ने नहीं दिया!"

तेवढ्यात हे फिरून आले. जिन्यात बायका भेटल्या, प्रत्येकीच्या हातात पुडा. घरात शिरले ते पांढरेफटक.

"अगं, हे काय केलंस?"

"काय केलं? तुम्हीच तर आणलंत."

सगळ्यांदेखत काही बोलता येईना. तोंड उघडायचे आणि मिटायचे. शेवटची बाई गेल्यावर खुर्चीत कोसळले. तेव्हा उलगडा झाला. गाळण्या वाणाच्या, बाकीचा साठा. दिवाण भरला होता, म्हणून वाणाच्या खोक्यात खाली दडवला. वाण लिहिलेल्या खोक्याला घरात कोणी हात लावणार नाही, ही ह्यांची हुशारी. कोणी म्हणजे मी सोडून कोण? आणि मी तर ते वाटायलाच बसले होते. बायकोला फसवायला बायकोचाच सण वापरला आणि त्याच सणाने ह्यांना धुतलं. मी हसून हसून पोट धरलं. सुहासिनी पोट धरून हसली ती वेगळ्या कारणाने जपून.

"परत माग," हे म्हणाले.

"दिलेलं वाण परत मागतात? कुठल्या शास्त्रात?"

"आता घरात एक काडी नाही!"

"गॅसला लायटर आहे. देवघरात काड्यापेटी आहे. बुडतोय का देश आजच?"

देश नाही बुडाला. चार दिवसांनी आमचा ट्रान्सफॉर्मर फुटला.

दुपारी धडाम आवाज झाला आणि अख्खा सेक्टर गेला. पाण्याची मोटार बंद. त्यातून धुकं असं की समोरची बिल्डिंग पुसून टाकल्यासारखी. सिलिंडर आदल्या दिवशीच संपलेला, दुसऱ्याचा नंबर लावलेला. ह्यांच्या अंगात वारं शिरलं. "बघ! सांगत होतो ना? बघ!" असं म्हणत दिवाणाचं कुलूप उघडून स्टोव्ह काढला, रॉकेल भरलं, पंप मारला. नाचायचेच बाकी होते. आणि मग काडी.

देवघरातली पेटी या थंडीत ओल धरलेली. तीन काड्या होत्या, तिन्ही फसफसून गेल्या. गॅसच्या लायटरच्या ठिणगीला रॉकेल दाद देईना. टॉर्च काढला, तर तो इतके महिने दिवाणात कोंडलेला, सेल फुटून आत खारट पाणी. रॉकेलच्या तळ्यात बसलेला माणूस आणि पेटवायला काडी नाही. मला टोमणा मारायला वेळच मिळाला नाही, कारण आतून सुहासिनीने हाक मारली.

"आई... आई, या ना."

तिची वेळ आली होती. पंधरवडा आधी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पोर आडवं आहे, कळा सुरू झाल्या की एक मिनिट घरात थांबू नका. नर्सिंग होम पलीकडच्या सेक्टरात. मल्होत्रांची मारुती व्हॅन होती, तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता जिना. तीन मजले, कठडा नाही, सूर्य बुडत आलेला आणि जिन्यात दिवसासुद्धा काळोख. मी दार उघडून खाली बघितलं तर नुसती विहीर.

"सकाळपर्यंत थांबू," हे म्हणाले. "पाय घसरला तर दोघंही जातील."

"आणि थांबलो तर?"

सुहासिनी माझ्या हाताला नखं रुतवून म्हणाली, "आई, मी उतरते. काही करा, पण मला खाली न्या."

"शेजाऱ्यांकडे मेणबत्त्या आहेत," मी म्हटलं.

"वाण परत मागत नाहीत, तूच म्हणालीस," हे म्हणाले. टोमणा नव्हता हो तो, बिचारे खरंच गोंधळले होते. पण मला लागला. आणि लागलं की माझं डोकं चालतं.

मी बाल्कनीत गेले. धुक्यात तोंड घालून अशी ओरडले की बडोद्याला विश्वासने ऐकलं असेल.

"अजी सुनो! सब सुनो! मेरे घर हल्दी-कुंकू है!"

खालून मल्होत्रीणबाईंचा आवाज आला, "माताजी, वो तो शुक्रवार को हो गया!"

"आज दुबारा है! बहू को ले जाना है! जीने में अंधेरा है, अपना-अपना दिया जलाके लाओ!"

मग एक दार वाजलं. मग दुसरं. मग साऱ्या बिल्डिंगची दारं. पलीकडच्या बिल्डिंगमधूनही पावलं धावत आली. मी जिन्याच्या तोंडाशी उभी. खाली त्या विहिरीच्या तळाशी एक ठिपका पेटला. ती समता होती, केस अर्धे विंचरलेले, हातात मेणबत्ती. तिने हुकूम सोडायला सुरुवात केली, हापिसात सोडत असेल तसा. "एक-एक सीढ़ी पकड़ो! खुली तरफ खड़ी रहो! आंटी, शॉल संभालो, आग लगेगी!"

आणि उजेड चढत आला. पायरीमागून पायरी, जिथे कठडा नव्हता तिथे एकेक बाई. कठडाच झाल्या बायका. कोणी स्वेटरवर, कोणी कणकेच्या हातांनी, प्रत्येकीच्या हातात माझं वाण. उभ्या जन्मात मी असं हळदीकुंकू पाहिलं नव्हतं.

सुहासिनीला वेताच्या खुर्चीत बसवलं. पुढून मल्होत्रासाहेब, मागून हे. मी बाजूने, तिचा हात धरून. वळणावर ह्यांचा पाय लटपटला तर समताने पाठीला खांदा लावला. "काका, मी आहे, चला." बायका म्हणत होत्या, "धीरे, धीरे, बेटा, बस हो गया." मधेच कळ आली. सुहासिनी ओरडली, सगळा जिना थांबला, मेणबत्त्या तेवढ्या हलत राहिल्या. कळ ओसरली. "चलो!" मी म्हटलं, आणि चाललो.

व्हॅनपुढे समता मेणबत्ती धरून चालू लागली, ती धुक्यात विझली, तेव्हा स्वतःचा पांढरा दुपट्टा हलवत कोपऱ्यापर्यंत धावली. पुढे मोठा रस्ता, त्यावर दिवे होते.

नर्सिंग होममध्ये जनरेटर घरघरत होता. सुहासिनीला थेट आत घेतलं. हे बाकावर बसले, मी उभी. चहावाला दोनदा येऊन गेला. मग दार उघडलं आणि नर्स म्हणाली, "लड़की. ऑपरेशन करना पड़ा, पर दोनों ठीक. थोड़ी देर और होती तो..."

नात! काळ्याभोर जावळाची, मूठ आवळून, कोणाशी तरी भांडायला आल्यासारखी. माझ्यावर गेलीय, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

हे तिच्याकडे बघत राहिले. डोळे पुसले. जिन्यात बोटांवर बायकांच्या मेणबत्त्यांचं मेण गळून भाजलं होतं, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मला वाटलं, आता माणूस शहाणा झाला. तेवढ्यात छाती पुढे काढून म्हणाले, "तरी ऐनवेळी माझ्याच मेणबत्त्या कामाला आल्या की नाही?"

मी नातीला नर्सच्या हातात दिलं. पदर खोचला. आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमच्या? तुमच्या होत्या तोवर त्यांचा उजेड खोक्याला होता. माझ्या हातून गेल्या म्हणून जिन्याला झाला. देश बुडायचा तेव्हा बुडेल, पण दार लावून बसणारा पहिला बुडतो, हे आज नातीने जन्मायच्या आधीच शिकवलं तुम्हाला. काढा ती किल्ली जानव्यातून, द्या इकडे. आणि ऐकून ठेवा, पुढच्या संक्रांतीला वाण रॉकेलचं. माप घेऊन दारात तुम्ही बसायचं!"