कापरा ‘ळ’

गुलाबरावाने कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या ‘ळ’च्या उजव्या वाटोळ्यातला एक ठिपका पुसला आणि खुर्ची मागे सरकवून पाहिले. अक्षर अजून धड दिसत होते. त्याने आणखी दोन ठिपके पुसले, एक उगाच बाहेर काढला.

“अजून थोडं,” शेजारी बसलेले नारायणराव म्हणाले. “पाहणाऱ्याच्या डोळ्यात खुपलं पाह्यजे.”

नारायणराव अकोल्याचे. वऱ्हाडातल्या छापखान्यांना कॉम्प्युटर विकायचे. गुलाबरावाचा प्रोग्रॅमही आता तेच विकणार होते. लग्नपत्रिका, हँडबिलं, जयंतीची पत्रकं मराठीत जुळवून देणारा तो प्रोग्रॅम गुलाबरावाने खामगावच्या या खोलीत बसून लिहिला होता. अक्षरे मात्र त्याची नव्हती. ती त्याच्या थोरल्या भावाची, भाऊराव पेंटरची. खामगावच्या बाजारातल्या दुकानांपासून पिंपळगाव राजाच्या विहाराच्या कमानीपर्यंत ज्याचा हात फिरलेला, त्या माणसाने चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर काढून दिले आणि धाकट्याने ते ठिपक्या-ठिपक्याने मशीनमध्ये उतरवले. काम पुरे झाले आणि भाऊरावाला काविळीने धरले. शेवटी शेवटी त्याच्या हातात ब्रश सोडा, पाण्याचा पेलाही ठरत नव्हता. पावसाळा सरता सरता तो गेला.

उघडा प्रोग्रॅम विकायचा तर एक प्रत विकून गप्प बसावे लागले असते. बाकीच्या फ्लॉपीवरून फुकटात जिल्हाभर गेल्या असत्या. म्हणून दोघांनी सगळे उपाय तोलून पाहिले होते. कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या वायरीला बसवायचे कुलूप प्रोग्रॅमपेक्षा महाग पडत होते. दर वेळी घालावी लागणारी किल्लीची फ्लॉपी द्यावी तर तिला बुरशी लागणार आणि दाम मोजून घेणाऱ्याचेच काम अडणार. मग नारायणरावांनीच तोड काढली. कुलूप नकोच. ज्या मशीनवर आपण बसवून देऊ, ते प्रोग्रॅमने ओळखायचे. दुसऱ्या मशीनवरही त्याने मुकाट चालायचे, फक्त एक अक्षर बिघडवायचे, म्हणजे चोरीची प्रत छापताच उघडी पडेल.

“कोणतं?” गुलाबरावाने विचारले होते.

“ळ. वेळ आन् स्थळ नसलेली एक तरी पत्रिका दाखवा मले.”

गुलाबरावाला थोरल्या भावाचा हात आठवला होता. दादा ‘ळ’ एका दमात काढायचा. हात न उचलता, दोन्ही वाटोळी तराजूच्या पारड्यांसारखी. चौकटीच्या कागदावर सगळ्यात आधी त्याने तेच अक्षर काढले होते, अंगणात मांडी घालून, चांगला धडधाकट असताना.

“आता पाहा,” गुलाबराव म्हणाला.

नारायणरावांनी वाकून पाहिले. उजवे वाटोळे खचले होते, शेपूट थरथरल्यासारखी वेडीवाकडी गेली होती.

“हाव. आता जमलं.”

गुलाबरावाने पडदा बंद केला आणि उगाच हात धुवून आला.

भाऊरावाच्या पहिल्या स्मृतिदिनाला तो एसटीने पिंपळगाव राजाला उतरला. घरापुढे मांडव घातला होता. तानाबाई वहिनी आतल्या खोलीत फोटोला हार घालत होती. त्याला पाहताच तिने फोटोशेजारची एक पत्रिका काढून त्याच्या हातात दिली.

“भाऊजी, हे पाह्यलं का? किसनरावनं छापून देल्ली. एक पैसा घेतला नाई. म्हणे, भाऊरावची पत्रिका भाऊरावच्याच अक्षरात पाह्यजे.”

गुलाबरावाने पत्रिका हातात घेतली. किसनरावाच्या छापखान्यात प्रोग्रॅम बसवायला तो कधीच आला नव्हता. त्याची नजर खाली गेली. वेळ. स्थळ. पिंपळगाव राजा. तिन्ही ठिकाणी ते अक्षर खचून पडले होते.

“सारी अक्षरं कशी तगडी हायेत, त्याईच्या बोर्डावानी,” वहिनी म्हणाली. मग तिने हलकेच ‘ळ’वर बोट ठेवले. “हे एकच असं कापरं आलं. पडून होते तव्हा काहाडलं असन ना? हात कापत जाये त्याईचा. म्या पेला धरो.”

गुलाबरावाने बोलायला तोंड उघडले. वहिनीचे बोट अक्षरावरून निघत नव्हते.

“हाव वहिनी,” तो म्हणाला. “शेवटचं तेच काढलं होतं.”

तिने मान हलवली. डोळ्यांना पदर लावला नाही, नुसती पत्रिकेकडे पाहत राहिली.

“मंग ते तसंच राहू द्याजा. कोणी म्हटलं तरी नीट नका करू.”

बाहेर वंदना सुरू झाली. ती संपून पानं मांडायची वेळ आली तेव्हा वहिनीने त्यालाच हाक मारली. “किसनराव लाजून राह्यले का काय, आलेच नाईत. जा बरं भाऊजी, घेऊन या त्याइले.”

छापखाना चौकात होता. गुलाबराव दारात उभा राहिला तसे किसनराव खुर्चीवरून ताडकन उठले आणि कॉम्प्युटरच्या आडवे आले. पन्नाशीचा माणूस, भाऊरावाच्या जोडीने बोर्ड रंगवत मोठा झालेला. हातांना शाई होती. ते त्यांनी धोतराला पुसले, पुन्हा पुसले.

“गुलाबभाऊ, मले म्हाईत हाये, विचाराले पाह्यजे होतं... खामगावहून एकानं फ्लॉपी आणली. भाऊरावचा हात दिसला आन् राहावलं नाई.”

गुलाबरावाने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

“मी काही कमवत नाई त्याच्यावर. पुसून टाकतो आत्ताच.” किसनरावांचा आवाज खाली आला. “पण सारी अक्षरं बराबर येतात, एक ‘ळ’च काऊन असा येते? त्याच्या पत्रिकेतच खराब छापला गेला. मले लय वाईट वाटलं. माह्या मशीनचाच दोष असन.”

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. ती पार वळेपर्यंत गुलाबराव तिच्याकडे पाहत राहिला.

“मशीनचा दोष नाई,” तो म्हणाला. “दादानं तसंच काढलं होतं.”

“भाऊरावनं?” किसनराव त्याच्याकडे पाहतच राहिले. भाऊरावचा ‘ळ’ त्यांनी जन्मभर पाहिला होता.

“हाव. चला आता. वहिनी पानं मांडून बसली हाये.”