परतल्यावरची मोजणी

त्रेसष्ट साली मी भरे गावच्या शाळेत मास्तर होतो. धुळाजी धनगराचं मेंढरं कोंडायचं वाडगं शाळेमागच्या शेतात होतं. मेंढरं रानातून परतेपर्यंत तो शाळेच्या पायरीवर टेकून माझं काहीबाही ऐकायचा. त्याचा मुलगा पिराजी आदल्या वर्षी चीनच्या लढाईवर गेला होता. तो बेपत्ता असल्याचा कागद मीच धुळाजीला वाचून दाखवला होता.

त्या दिवशी मी एका प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहिलेली लढाई मोठ्या तोऱ्यात सांगत होतो. ग्रीकांवर चालून जायला निघालेल्या इराणच्या राजाला आपली फौज मोजता येईना. मग दहा हजार माणसं दाटीने उभी केली, तेवढ्या जागेभोवती बेंबीपर्यंत येईल एवढी भिंत घातली आणि ती जागा पुन्हा पुन्हा भरून सगळी फौज मोजली.

"म्हंजी मेंढरांचं वाडगंच की," धुळाजी म्हणाला. "आन् परतल्यावर किती भरली?"

"परतल्यावर मोजल्याचं लिहिलेलं नाही."

तो ताडकन उठला. "कसला राजा त्यो! सोडताना कोन मोजतं, मास्तर? परतल्यावर मोजायची असत्यात!"

मग मेंढरं रानातून आल्यावर एकेकाच्या पाठीला हात लावत त्याने कळप आत घेतला. एकही कमी नव्हतं. तरी वाडग्याचं तोंड त्याने अंधार पडेपर्यंत उघडंच ठेवलं.