चोवीस पेट्यांचा होकार

बोरगावच्या कारखान्यात चोवीस साचे होते, प्रत्येक आपापल्या लाकडी पेटीत, आणि हवा तो साचा हव्या त्या वेळी कधी सापडत नसे. एकेकासाठी अर्धी पाळी वाया जाई. स्टोअर सांभाळणारी विजया सौंसरहून रोज बसने येई. तिला स्वप्नातसुद्धा पेट्याच उघडाव्या लागत. म्हणूनच १९८९ साली तिनं व्यवस्थापक भगवंतरावांच्या मागे लागून परदेशी फाटक महिनाभराच्या बोलीवर आणवलं. चाचणी साधली तर राहणार, नाही तर परत जाणार.

फाटक म्हणजे दारातले दोन खांब. साच्याच्या प्रत्येक लाकडी पेटीवर बटणाएवढा बिल्ला. त्याला ना तार, ना बॅटरी. खांबांनी रेडिओच्या लहरींची हाक घालावी, बिल्ल्यानं आपला नंबर सांगून ओ द्यावी, आणि टेबलावरच्या डब्यानं टिंग करावं. पहिल्यांदा ते टिंग ऐकलं तेव्हा विजयाच्या अंगावर काटा आला होता. मुकी पेटी बोलली की हो!

चाचणी ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. हमाल मोतीरामनं हातगाडीवरून पहिली पेटी आणली. फाटक गप्प. दुसरी, तिसरी, दहावी. गप्पच.

"विजयाबाई," भगवंतराव घड्याळाकडे पाहत म्हणाले, "तुमचं फाटक अजून दसऱ्याच्या सुट्टीवरच दिसते."

सगळे हसले. फाटक परत पाठवायला त्याचं पॅकिंगचं खोकं कुठं ठेवलंय, याची चौकशीही भगवंतरावांनी करून टाकली.

तेवढ्यात नागपूरहून दुरुस्त होऊन आलेल्या साच्याची पेटी ट्रकमधून उतरली आणि दारातून आत गेली.

टिंग.

विजया धावली. बिल्ला लावूनच गेलेली ही पेटी खंडेनवमीच्या पूजेला इथं नव्हतीच! हिला ना हळद, ना फूल. बाकीच्या तेवीस पेट्यांवर मात्र हळदकुंकू, झेंडू आणि बरोबर बिल्ल्यावर चिकटवलेली बेगडाची चमचमती चकती. त्या चंदेरी पत्र्याआड लहरी पोचणार कशा?

"मोतीरामभाऊ, हे बिल्ल्यावरच काहून लावलं?"

मोतीराम ओशाळला. "नवा पाहुणा होता ना बाई. आधी मान त्यालेच देला."

विजयाला हसू आवरेना. तिनं केसांतली पिन काढली, दोघांनी मिळून चकत्या खरवडल्या. मग गाड्या निघाल्या, आणि टिंग, टिंग, टिंग... कामगार मोठ्यानं मोजू लागले. सतरा, अठरा. भगवंतरावांचे ओठही हलत होते. चोवीस!

"राहू द्या फाटक," ते म्हणाले, आणि पॅकिंगचं खोकं भंगारात टाकायला सांगितलं.

मोतीराम मात्र हातातल्या चकत्या घेऊन घुटमळत होता. फाटकाची पूजा राहून गेली, हे त्याला खुपून राहिलं होतं. विजयानं त्याला खांबांपासून दूर नेलं, फाटकाचा डबा ठेवलेल्या आपल्या लाकडी टेबलाचा पाय दाखवला आणि म्हणाली, "इथं लावा. त्याचा मान त्याले पोचते."