दुसऱ्यांच्या झोपेत

पितृपक्षात फुलांना उठाव नसतो. लग्न नाही, वास्तुशांत नाही, दुकानाचं उद्घाटन नाही. मखमलाबादच्या देवरामनानांच्या मळ्यात झेंडू धरायला लागला होता, पण खरी तोड दसऱ्याच्या तोंडावर. तोवर माणसं तशी मोकळीच. म्हणून सुनेनं, शुभांगीनं, रविवारी सकाळच्या खेळाची चार तिकिटं काढली आणि नानांना सांगितलं की तुम्ही यायचंच.

नाना नको म्हणाले नाहीत. सविता गेल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून ते कशालाच नको म्हणत नव्हते. पुढ्यात वाढलं तर जेवायचे, गाडीत बसवलं तर बसायचे.

चौथं तिकीट लताबाईंचं. लताबाई म्हणजे सविताची थोरली बहीण, येवल्याला दिलेली. नवमीसाठी म्हणून चांगल्या दहा-बारा दिवस आधी येऊन राहिल्या होत्या. वर्षश्राद्ध झाल्यानंतरची ही पहिलीच अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी जी बाई जाते, तिच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात, ओटी भरतात, लुगडं देतात. दिलेलं लुगडं गेलेल्या बाईला पोचतं, अशी समजूत. आता हे लुगडं कुठलं घ्यायचं, यावर घरात आठवडाभर धुसफूस चालली होती.

त्याचं कारण स्वप्नं. गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काहीतरी मागतं आणि मागितलं ते दिलं नाही तर त्याचा जीव घोटाळत राहतो, हे त्यांच्याकडं सगळेच मानत. सविता लताबाईंच्या स्वप्नात आली होती, जांभळ्या पैठणीत, लग्नातल्यासारखी. शुभांगीच्या स्वप्नात आली ती साध्या सुती लुगड्यात, ओट्यापाशी मेथी निवडत. लताबाई म्हणत, तिला पैठणी हवी. शुभांगी म्हणे, आईंना अंगाला टोचणारं कधी चाललंच नाही, त्यांना मऊ सुती द्या. दोघी नानांकडं बघत. नवरा म्हणून शेवटचा शब्द त्यांचा.

आणि नानांचं दुखणं इथंच होतं. त्यांच्या स्वप्नात सविता एकदाही आली नव्हती.

स्वप्नं पडत नव्हती असं नाही. मोटार जळायची, टेम्पो चुकायचा, वाफ्यात शेळ्या शिरायच्या. ज्याच्याशी कित्येक वर्षं बोलणं नाही तो चुलतभाऊ मोतीराम एकदा स्वप्नात येऊन चहा पिऊन गेला. पण ती नाही. नाना अंथरुणात तिच्या जागी झोपून पाहायचे. तिची कुंकवाची डबी त्यांनी उशाशी ठेवून पाहिली. पस्तीस वर्षं एका ताटातलं खाल्लं, आणि बाई बहिणीकडं जाते, सुनेकडं जाते, आपल्याकडं येत नाही. हे कुणाला सांगणार? लताबाईंनी विचारलं, "दाजी, तुम्हाला काय म्हणाली ती?" तेव्हा नाना नुसतं "बघू" म्हणाले आणि पायात चप्पल अडकवून मळ्यात गेले. नवमी तीन दिवसांवर आली होती आणि ते अजून तिची वाट पाहत होते.

तर पिक्चर. मूळचा परदेशी, हिंदीत बोललेला. एका माणसाची बायको मेलेली असते. त्याच्या झोपेत ती येत नाही. मग तो न्हाव्याच्या खुर्चीसारख्या एका यंत्रात बसून दुसऱ्यांच्या झोपेत शिरतो, तिला शोधायला. आधी आईच्या झोपेत, मग मुलीच्या, मग शेजाऱ्याच्या. तिथं सगळंच उलटंपालटं. जिना चढावा तर माणूस तळघरात पोचतो. रस्त्यातलं पाणी भिंतीवर चढतं. शहर चादरीसारखं झटकलं जातं. प्रत्येकाच्या झोपेत त्याची बायको वेगळी. एकाकडं भांडखोर, एकाकडं गाणारी, मुलीकडं तर घराएवढी उंच. शेवटी तो आपल्या घरी येतो, दोन ताटं मांडतो, बसतो. दारावर थाप पडते. तो उठतो, कडीला हात घालतो आणि पडदा काळा.

दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती, आणि मागून कुणीतरी म्हणत होतं की तीन तास डोकं दुखवून घेतलं. नाना खुर्चीतच बसून होते. सुनीलला वाटलं, वडिलांना काही कळलं नसणार, आपण उगाच आणलं. नानांना जिन्याचं आणि पाण्याचं खरोखरच कळलं नव्हतं. पण बाकीचं त्यांना इतकं सरळ दिसलं की त्यात न कळण्यासारखं काय आहे तेच त्यांना कळेना. एक माणूस लोकांच्या झोपेत जाऊन आपल्या बायकोची चौकशी करतो. दीड वर्ष ते दुसरं काय करत होते?

परतताना गंगापूर रोडच्या अलीकडं एका मिसळीच्या बागेत गाडी थांबली. आंब्याखाली टेबलं मांडलेली. मिसळ येईस्तोवर तिघांची जुंपली होती.

सुनीलचं म्हणणं, त्या माणसाला जाग आलेलीच नाही. तो यंत्रातच अडकला. दारावरची थाप म्हणजे बाहेरून कुणीतरी यंत्र वाजवतंय. त्यानं मोबाइलवर वाचूनही दाखवलं, जगभर लोक हेच म्हणतायत.

लताबाई म्हणाल्या, जग काही म्हणू दे, ती बाई परत आली आणि आपले दागिने मागायला आली. सासूनं ठेवून घेतले होते ना तिचे. सुनील म्हणाला, मावशी, दागिन्यांचा काही विषयच नव्हता पिक्चरमध्ये. त्यावर लताबाई ठाम, की होता, मी या डोळ्यांनी पाहिला. शुभांगी हसत म्हणाली, "मावशी, ते डोळे मध्यंतरापासून मिटलेले होते. तुम्ही माझ्या खांद्यावर होतात."

"गारठ्यानं जरा डोळा लागला असेल," लताबाई म्हणाल्या. "पण गोष्ट कळली मला."

शुभांगीचं आणखी तिसरंच. ती म्हणाली, त्याला जाग आली आहे, आणि त्याची खूण दिग्दर्शकानं ठेवली आहे. प्रत्येकाच्या झोपेत त्या बाईच्या अंगावरचे कपडे वेगळे. पण शेवटच्या घरात, दारामागच्या खुंटीला, एक जुना रेनकोट लटकतोय. तो रेनकोट कुणाच्याच स्वप्नात नव्हता. तिचा रोजचा कोट कुणाला आठवलाच नाही, फक्त नवऱ्याच्या घरात तो आहे. म्हणजे ते घर खरं.

सुनील म्हणाला, कोट पहिल्या स्वप्नातही होता. शुभांगी म्हणाली, पैज लाव. लताबाईंनी तर्री जास्त मागितली.

नाना पाव मोडत होते, तो तसाच हातात राहिला. त्यांनी विचारलं, "सुनील, तुझ्या स्वप्नात आई येते का रे?"

सुनीलनं आधी नाहीच म्हटलं. आपल्याला स्वप्नंबिप्नं पडत नाहीत. मग चमच्यानं रस्सा ढवळत राहिला आणि खालमानेनं म्हणाला, "येते. दवाखान्यातल्या त्या बाकावर बसलेली असते. म्हणते, घरी चल. मी म्हणतो डॉक्टरला विचारून येतो, आणि मला डॉक्टर सापडत नाही."

लताबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं नानांनी विचारलं, "अंगात काय होतं तिच्या?"

"दवाखान्याचा गाऊन. निळा."

पैठणी, सुती लुगडं आणि निळा गाऊन नानांच्या डोक्यात फिरत राहिले. लताबाईंनी बहिणीला लग्नानंतर कधी नटलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या मनात ती हळहळ होती. शुभांगीला सासू ओट्यापाशी हवी होती, घर एकटीनं सांभाळताना ती थकत होती. आणि पोराची तर दवाखान्यातून सुटकाच झाली नव्हती. प्रत्येकाची सविता खरीच असेल. पण नाना जिला ओळखत होते ती या तिघींत नव्हती. आणि मग शुभांगीच्या त्या रेनकोटावरून त्यांना खुंटी आठवली.

घरी पोचल्यावर ते चहाला थांबले नाहीत. मळ्यातल्या शेडमध्ये गेले. क्रेटच्या थप्पीमागं खिळ्याला तो अजून होता, त्यांचाच जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. फुलं तोडताना सविता लुगड्यावरून तो घालायची. दवानं बाह्या भिजतात, पानांनी हात खाजतात, म्हणून मळ्यातल्या साऱ्याच बायका नवऱ्याचा शर्ट घालतात. पस्तीस वर्षं, सणवार सोडले तर, नानांनी तिला सकाळच्या उजेडात अशीच पाहिली होती, आपल्या शर्टात. कोपरांत तो फाटलेला, मनगटापाशी झेंडूच्या रसानं काळाकुट्ट झालेला. त्यांनी तो नाकाशी धरला. वास फक्त झेंडूचा आला.

मग त्यांना तिचं बोलणं आठवलं. कुठल्याशा दसऱ्याच्या आधी ते स्वतःसाठी शर्ट घ्यायला निघाले होते, आणि ती वाफ्यातून ओरडून म्हणाली होती, "अहो, एक माझ्यासाठी पण घ्या की. कोरा. जन्मभर तुमचे फाटकेच घालू का?" तोडायला आलेल्या बायका हसल्या होत्या. नानाही हसले होते. गाडी सुरू करून गेले, आणि एकच शर्ट घेऊन आले. तीही नंतर काही म्हणाली नाही. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतंच, थट्टेतलं बोलणं.

नाना क्रेट उपडं घालून त्यावर बसले. दीड वर्ष ते तिच्या येण्याची वाट पाहत होते, तिनं येऊन काहीतरी मागावं म्हणून. तिनं मागितलं होतं. भर उजेडात, ओरडून, चार बायकांसमोर. तेच मागायला तिला पुन्हा झोपेत कशाला यायला हवं?

संध्याकाळी त्यांनी दोघींना सांगितलं, लुगडं कुठलं ते तुम्ही ठरवा, मला त्यातलं कळत नाही. मी वर एक शर्ट देणार आहे. लताबाईंना आधी वाटलं की ते ब्राह्मणाला द्यायचं म्हणतायत. सवाष्णीच्या ओटीत, हे कळल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. सवाष्णीच्या ओटीत बाप्याचा शर्ट कुणी घातलाय का कधी, लोक काय म्हणतील, शेजारच्या अंजलीला आपण जेवायला सांगून बसलोय आणि तिचा नवरा बँकेत, ती काय करेल त्या शर्टाचं?

नाना म्हणाले, "अक्का, तुम्ही तिला पैठणीत पाहिलं, हिनं सुती लुगड्यात. मी रोज शर्टात पाहिली. तिनं माझ्याकडं तेवढंच मागितलं होतं, आणि ते मी दिलं नाही."

लताबाई पदरानं तोंड पुसत राहिल्या. मग शुभांगीच म्हणाली, अंजली नको, तिला मी समजावते. शर्ट जिला घालता येईल अशी सवाष्ण बोलवू. चिमणाबाईला सांगू.

चिमणाबाई पेठ तालुक्यातली. भाताची लावणी उरकली की नवऱ्यासोबत इकडं कामाला यायची आणि तोड संपेपर्यंत शेडशेजारच्या खोपीत राहायची. सविताच्या शेजारची सरी तिची. दुपारी दोघी बांधावर एकत्र भाकरी खायच्या. पण घरात पाटावर ती कधी बसली नव्हती. लताबाईंनी यावर थोडा विचार केला आणि विचारलं, "नवरा आहे ना तिला?" आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मग सांगा तिला. आठवडाभर न सुटलेला लुगड्याचा वादही त्याच संध्याकाळी सुटला. मऊ सुती, पण काठ जांभळा.

शर्ट नानांनी शहरात, रविवार कारंज्यापाशी जाऊन घेतला. दुकानदारानं माप विचारलं. नाना म्हणाले, माझंच.

नवमीला चिमणाबाई डोकं धुऊन, घट्ट वेणी घालून आली आणि पाटावर अशी बसली की जणू पाट मोडेल. जेवताना तिनं मान वर केली नाही. शुभांगीनं तिसरी पुरणपोळी वाढली तेव्हा मात्र हळूच म्हणाली, आता नका, नायतर उद्या फुलं कोण तोडील. ओटी भरताना लुगड्याखाली तिच्या हाताला शर्टाची घडी लागली. तिनं ती बाहेर काढली, कॉलरीतला पुठ्ठा दाबून पाहिला.

"कोरा हाय?" ती म्हणाली. "बाई कवाची म्हणत व्हती, मालक एक दिवस आणतील बघ."

नाना उठून पडवीत गेले.

त्या दुपारी शेडमधल्या बाजेवर ते आडवे झाले. डबी उशाशी नव्हती, काही मागणंही नव्हतं. झोप लागली. स्वप्नात मोटार जळाली. जागे झाल्यावर त्यांनी आधी मोटार जाऊन पाहिली. ती ठीक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनील टेम्पोत क्रेट चढवत होता. शुभांगी चहा घेऊन आली आणि तिनं नानांना विचारलं, खरंच सांगा, त्या पिक्चरमध्ये दारात कोण होतं? नाना म्हणाले, "त्यानं ताट मांडलं होतं ना. मग कुणी का असेना, जेवून गेलं असेल."

सुनील म्हणाला, हे तर कुणीच लिहिलेलं नाही.

नानांनी चहा संपवला. वाफ्यात, कमरेएवढ्या झेंडूत, पांढरा शर्ट वाकत होता, उठत होता. बाह्या लांब होत्या, हातावर लोंबत होत्या. ती चिमणाबाई आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी कप खाली ठेवून ते थोडा वेळ बांधावर बसले.